दिवसा दाखवलेली लेन्स

ठाणे स्टेशनबाहेर, भर दुपारी, २३ हजार रोख मोजून मी ताऱ्यांचे फोटो काढायला सॅमयांगची १३५ एमएम एफ/२ लेन्स घेतली. सेकंडहँड. विकणारा तिशीतला, गोड बोलणारा. त्यानं आधी चार पोर्ट्रेट पाठवली होती. चेहरे कसे सुरीसारखे धारदार! पोर्ट्रेटमध्ये कोपरे तसेही धूसरच असतात, हे तेव्हा माझ्या टाळक्यात आलं नाही. "सर, दोनदाच वापरलीय," म्हणाला.

मार्गशीर्षातल्या अमावस्येला वांगणीला ट्रॅकर (ताऱ्यांच्या गतीनं कॅमेरा फिरवणारं यंत्र) लावला, मृग नक्षत्र धरलं. डावीकडचे तारे टिंबासारखे, उजवीकडचे पंख पसरलेल्या बगळ्यांसारखे. आधी स्वतःलाच शिव्या घातल्या: ट्रॅकरचा अक्ष ध्रुवाकडे नीट साधला नसेल. तसं असतं तर सगळ्याच ताऱ्यांना शेपट्या फुटल्या असत्या, जवळपास एकाच दिशेला. एक्स्पोजर ६० सेकंदांवरून ५ वर आणलं, बगळे तिथेच. कॅमेरा उलटा फिरवला, तर बगळेही फ्रेमबरोबर फिरले. मित्राची लेन्स माझ्याच कॅमेऱ्यावर चढवली आणि चारही कोपरे स्वच्छ. अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, एफ/४ पर्यंत लहान केल्यावर थोडं सावरलं, पण मग एफ/२ चे पैसे कशाला मोजले?

दुरुस्तीवाल्यानं पुढची रिंग काढून स्क्रू दाखवले, डोकी खरवडलेली. "आधी उघडलीय. बुरशी पुसलीय आणि काच बसवताना तिरकी बसलीय." टॉर्च मारल्यावर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक व्रण दिसले. मुंबईच्या पावसात बुरशी लागणं गुन्हा नाही, लपवणं आहे. विकणाऱ्याला फोन केला, तर "सर, तुम्ही बघूनच घेतली ना?" आणि नंबर ब्लॉक.

डीप-स्कायसाठी, म्हणजे तेजोमेघ-दीर्घिकांच्या फोटोंसाठी, जुनी लेन्स घेणार असाल तर दिवसाचे फोटो बघूच नका. अंधार पडल्यावर भेटा. आपलाच कॅमेरा न्या, अॅपर्चर पूर्ण उघडं ठेवा, कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा लाइव्ह व्ह्यू मोठा करून फोकस मधोमध साधा, मग त्याला हात न लावता एकच ठळक तारा चारही कोपऱ्यांत आणून टिपा. एक सेकंद पुरतो, ट्रॅकर लागत नाही, शहराचा उजेडही आड येत नाही. कोपऱ्यात तारा थोडा बिघडला तर चालेल, पण चारही कोपऱ्यांत सारखा बिघडायला हवा.

दुसरी लेन्स मी डोंबिवलीत एकाच्या गच्चीवर तपासली. व्याध चारही कोपऱ्यांत फिरवेपर्यंत अर्धा तास गेला. तो बिचारा डास मारत उभा होता. शेवटी त्याची आईच चहा घेऊन वर आली.