३६० च्या जुन्या डिस्क सिरीज एक्सवर : सात महिन्यांचा अनुभव

दिवाळीत एक्सबॉक्स सिरीज एक्स हा टीव्हीला जोडून गेम खेळायचा कन्सोल घेतला, तो नव्या गेमसाठी नाही. कपाटात जुन्या एक्सबॉक्स ३६० च्या चौदा डिस्क होत्या. काही दादाने पहिल्या पगारातून घेतलेल्या, काही मी नागपुरात बर्डीच्या बाजारात घासाघीस करून आणलेल्या. आज नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, संपला; म्हणजे वापराला सात महिने झाले.

चौदापैकी अकरा चालल्या. एकीवर इतके ओरखडे होते की मशीनला ती ओळखताच आली नाही. एक, नव्या कन्सोलवर चालणाऱ्या जुन्या गेमची मायक्रोसॉफ्टची यादी असते, तिच्यातच नव्हती. आणि वहिनीचा नाचाचा गेम किनेक्टचा, म्हणजे कॅमेऱ्यापुढे अंग हलवून खेळायचा निघाला, तो नव्या कन्सोलवर चालतच नाही. वहिनीला ते सांगताना खरंच वाईट वाटलं. म्हणून जुनी डिस्क घेण्याआधी यादी बघा. १५ नोव्हेंबर २०२१ ला तिच्यात शेवटचे ७६ गेम आले आणि ती तिथेच थांबली.

गेम डिस्कवरून चालत नाही. मशीन डिस्क ओळखते आणि नव्या कन्सोलसाठी तयार केलेली अख्खी प्रत नेटवरून उतरवते. खेळताना मात्र डिस्क आत लागतेच. याच्या धाकट्या भावाला, सिरीज एसला, डिस्कची खाचच नाही, हे डिस्कवाल्यांनी लक्षात ठेवावं. ३६० चा प्रोसेसर पॉवरपीसी जातीचा, तीन कोरचा. नव्या मशीनचा एक्स८६. दोघांची भाषाच वेगळी, म्हणून आत जुन्या मशीनचं सगळं वातावरण उभं करावं लागतं. कंट्रोलरवरची मधली दोन छोटी बटणं एकत्र दाबली की ३६० चा तोच जुना मेनू उघडतो. पहिल्यांदा तो दिसला तेव्हा मी दोन मिनिटं नुसता बघत बसलो.

रेड डेड रिडेम्प्शन हा गेम ३६० वर ७२०पी होता, इथे ४के, म्हणजे नऊपट पिक्सेल. पूर्वी पोकरचे पत्ते वाचायला टीव्हीपुढे सरकावं लागायचं, आता सोफ्यावरून चौकट आणि बदाम वेगळे कळतात. पण भिंतीजवळ गेलं की दगड पुसटच, कारण मूळ चित्रं २०१० चीच आहेत. वेगही तोच, सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे ३० चित्रं. गिअर्स ऑफ वॉर ३ मात्र ६० वर चालतो आणि तो फरक डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळतो.

आपल्याकडच्या उन्हाबद्दल एक सांगतो. हा कन्सोल गरम हवा वरून फेकतो. मी तो टीव्हीच्या बंद खणातून काढून उघड्या फळीवर ठेवला, कूलरच्या ओल्या झोतापासून लांब. पंचेचाळीस अंशातही एकदा बंद पडला नाही.

सगळ्यात मोलाची गोष्ट सेव्हची, म्हणजे खेळ कुठवर आला त्या जपलेल्या नोंदीची. जुना ३६० चालू आहे तोवर त्यातले सेव्ह क्लाउडवर, म्हणजे नेटवरच्या साठ्यात, चढवून घ्या, नव्यावर ते आपोआप येतात. आमचा गिअर्सचा २०११ चा सेव्ह असाच वाचला. मे महिन्यात दादा पुण्याहून आला, स्क्रीन दोन भागांत केली आणि बसलो. तो म्हणाला, "हे तं आपलंच आहे बे, पण किती साफ दिसून राहिलं!" रात्री दोनपर्यंत चौथा अंक संपवला. पाचवा त्याने राखून ठेवलाय, पोळ्याला येतो म्हणाला.