अडीच रुपयांचे अंतर्देशीय पत्र: जुन्या ओळखींसाठी कितपत उपयोगी?

टपाल कचेरीच्या खिडकीवर अडीच रुपयांना मिळणारे निळे अंतर्देशीय पत्र परीक्षणासाठी निवडावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु निवृत्तीनंतर जुन्या सहकाऱ्यांशी आणि चाळीतल्या शेजाऱ्यांशी तुटलेला संबंध पुन्हा जोडण्यासाठी मी ते नेमाने वापरत आहे. या एका कामापुरते बोलायचे तर पन्नास पैशांचे कार्ड, पाच रुपयांचे पाकीट आणि फुकटचे व्हॉट्सअ‍ॅप या तिन्हींपेक्षा ते मला सरस वाटले.

1950 साली सुरू झालेल्या या पत्रात लिहायचा कागद हाच लिफाफाही असतो. आतली पूर्ण बाजू आणि बाहेरची एक घडी एवढीच जागा लिहायला मिळते, आणि वर्षानुवर्षे गाठ न पडलेल्या माणसाला लिहिताना ही मर्यादाच पथ्यावर पडते. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘कसे आहात?’ आणि ‘मजेत’ एवढे झाले की पुढे सुप्रभाताच्या फुलांशिवाय काही येत नाही. उलट पाकिटातून चार पाने धाडली, तर तितकेच लांब उत्तर लिहिण्याच्या धास्तीने समोरचा माणूस ते लांबणीवर टाकत राहतो. अंतर्देशीय पत्रात घरची खुशाली, दोघांनाच ठाऊक असलेली एखादी आठवण आणि उत्तर द्यावेसे वाटेल असा एक प्रश्न नेमका मावतो. कार्डावरही हे लिहिता येईल, पण तो मजकूर वाटेत कोणीही वाचू शकतो. शिवाय निधनाची बातमी कार्डाने येत असे आणि वाचताच ते फाडून टाकत, हे ज्यांनी पाहिले आहे, त्या पिढीला अवचित आलेले कार्ड आजही क्षणभर दचकवते.

भोर तालुक्यातल्या आपल्या गावी परतलेल्या एका सहकाऱ्यांना मी ‘तबला अजून वाजवता का?’ एवढेच विचारले होते. त्यांचे उत्तर हिशेबनिसाच्या त्याच तिरक्या अक्षरात आले, तारीख आणि वार ठळक, खाली रेघ मारलेली. तबल्याची शाई उडाल्याची तक्रार अर्धे पत्र व्यापून होती. समासात पत्र आडवे धरून वाचावे लागेल अशा रीतीने वहिनींनी लिहिले होते, ‘भावोजी, आंबेमोहोर निघाला की या, मग तबला ऐकायला लागला तरी चालेल.’ फोनवर त्या मध्ये बोलल्या असत्या असे मला वाटत नाही.

वापरताना काही पथ्ये पाळावीत. गोंद लावण्याच्या कडांपासून बोटभर जागा मोकळी सोडावी, कारण उघडणारा घाईने कात्री चालवतो आणि ओळीतला शेवटचा शब्द कापला जातो. पिनकोड न विसरता घालावा. महाराष्ट्रात वडगाव किती आहेत हे मोजू लागल्यास 1972 साली टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकरांनी ही सहा आकड्यांची पद्धत का आणली, हे वेगळे सांगावे लागत नाही. मुंबई-पुण्यातल्या जुन्या पत्त्यांची मात्र आधी खातरजमा करावी, कारण पुनर्विकासात चाळीच्या जागी टॉवर उभा राहतो आणि खोली क्रमांक निरर्थक होतो. मागच्या बाजूला पाठवणाऱ्याचा पत्ता लिहिण्याची जागा असते, ती कधीही कोरी ठेवू नये. जुन्या डायरीतला तुमचा पत्ताही एव्हाना बदललेला असतो आणि मनात असूनही उत्तर कुठे धाडावे हे त्या माणसाला कळत नाही.

उणिवाही आहेत. साध्या टपालाची पावती मिळत नाही आणि पत्र कुठवर पोहोचले हे पाहण्याची सोय नसते, त्यामुळे तातडीच्या निरोपाला किंवा कागदपत्रांना याचा उपयोग नाही. परदेशी स्थायिक झालेल्या मित्रांना हे पत्र धाडता येत नाही. सर्वांत मोठी अडचण अशी की आत काहीही घालायला मनाई आहे, आणि जुन्या ओळखीच्या माणसाला लिहिताना नेमका एखादा जुना फोटो धाडावासा वाटतो. त्यासाठी पाच रुपयांचे पाकीट घ्यावे. पाचपैकी एक तारा मी त्याच कारणाने कापला आहे. उरलेले चार मात्र निःसंकोच द्यावेत.