वाचनाच्या तीन तऱ्हा: दहा महिन्यांच्या वापरानंतर

हे सगळं सुरू झालं बाबांच्या डोळ्यांमुळे. बाबा ७८ वर्षांचे. गिरगावातल्या एका छापखान्यात त्यांनी आधी अक्षरांचे खिळे जुळवले आणि नंतर निवृत्त होईपर्यंत प्रुफं तपासली. गेल्या वर्षी डोळ्याच्या पडद्याचा आजार निघाला. कडेचं दिसतं, पण मधोमध धुरकट, आणि सरळ ओळ वाकडी दिसते. भिंग घेऊन पेपरातले मथळे वाचायचे आणि घडी घालून ठेवून द्यायचे. मला ते बघवेना.

मी स्वतः डोंबिवली ते सीएसएमटी रोज जाऊन-येऊन अडीच तास लोकलमध्ये असते. तेव्हा ई-पुस्तकं वाचायचं एक यंत्र, सहा इंची ई-इंक रीडर, घेतला, ऑडिओबुकची वर्षाची वर्गणी भरली. ग्रंथालयाचं कार्ड होतंच. दोघांनी मिळून दहा महिने तिन्ही वापरलं.

रीडर आला त्या संध्याकाळी अक्षर मोठं करत करत गेलो. ओळीत तीनच शब्द राहिले, तेव्हा बाबा म्हणाले, "थांब, आता दिसतंय." त्या दिवशी त्यांनी चाळीस मिनिटं सलग वाचलं. कित्येक महिन्यांनी. या एका गोष्टीसाठी त्या यंत्राचे पैसे माझ्या लेखी वसूल झाले. फोनवरही अक्षर मोठं होतं, पण त्याचा उजेड थेट डोळ्यांत येतो आणि बाबांना दहा मिनिटांत पाणी यायला लागतं. ई-इंकचं तसं नाही. त्या पडद्यात विद्युतभार असलेले काळे-पांढरे बारीक कण असतात, ते वर-खाली सरकून अक्षर उमटतं, आणि पान उलटेपर्यंत विजेशिवाय तसंच राहतं. दिवा लावला तरी तो कडेने पानावर पडतो. चार्जिंग दोन-तीन आठवडे बघावं लागत नाही.

चौथ्या दिवशी मात्र बाबा अडले. कादंबरी घाटमाथ्यावरची, आणि वाक्यात माणसं 'दर्यांतून' वाट काढत चाललेली. "सह्याद्रीत दर्या कुठला आला?" हवं होतं 'दऱ्यांतून'. पुढे 'दुसर्या', 'पुढार्यांनी', 'तर्हेने'. ग्रंथालयातून छापील प्रत आणून ताडून पाहिली, तिच्यात सगळं बरोबर. म्हणजे दोष लेखकाचा नाही, रूपांतराचा. आपली बरीच मराठी पुस्तकं श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांत जुळवलेली आहेत. तिथे अक्षराच्या प्रत्येक आकाराला त्या फाँटापुरता वेगळा संकेत असतो. ते सगळीकडे चालणाऱ्या युनिकोड संकेतांत आणताना 'ऱ्या'मधला आडवा र नीट उतरला नाही की त्याचा रफार होऊन बसतो, आणि नंतर कुणी प्रूफ वाचलं नाही की तसाच विकला जातो. त्या पुस्तकातल्या चुका बाबा सांगत गेले, मी वहीत लिहीत गेले. १६० भरल्या. यादी प्रकाशकाला मेलने पाठवली, उत्तर आलेलं नाही.

यात एक गोष्ट मला आधी कळली नव्हती. धड डोळ्यांचा माणूस आजूबाजूचे शब्दही नजरेत घेत वाचतो, त्यामुळे 'दुसर्या' दिसलं तरी मन 'दुसऱ्या' वाचून पुढे जातं. ज्याच्या पुढ्यात एका वेळी तीनच शब्द असतात त्याला संदर्भाचा आधार नसतो. तो प्रत्येक चुकीपाशी थांबतो. मोठ्या अक्षराची खरी गरज ज्यांना आहे, त्यांनाच या हलगर्जीचा सगळ्यात जास्त त्रास होतो. अ‍ॅमेझॉनच्या किंडल रीडरवर मराठी पुस्तकं २०१६ च्या डिसेंबरात आली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. एवढ्या काळात ई-बुकचं प्रूफ वाचायची पद्धत पडायलाच हवी होती. दुसऱ्या एका प्रकाशकाची दोन ई-पुस्तकं घेतली, ती अगदी स्वच्छ निघाली. म्हणजे मनावर घेतलं तर जमतं.

फुकट मिळणाऱ्या जुन्या ग्रंथांबद्दलही सांगते. राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मीळ पुस्तकं संकेतस्थळावर ठेवली आहेत, फार मोलाचं काम आहे. पण ती स्कॅन केलेली पानं आहेत, म्हणजे चित्रं. सहा इंची रीडरवर त्यातलं अक्षर वेगळं मोठं होत नाही. पान ताणावं लागतं आणि ओळ अर्धी बाहेर जाते. त्यासाठी मी घरातला जुना टॅब वापरते.

ऑडिओबुकांना बाबांचा आधी विरोध होता. "ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे." महिनाभर त्यांनी हात लावला नाही. मग एका रात्री डोळे फार चुरचुरत होते म्हणून वऱ्हाडाकडची एक कादंबरी लावून दिली. तीच मी आधी छापील वाचायला घेतली होती आणि संवादांमुळे सोडली होती. 'डोया' हा शब्द आला की मी दर वेळी अडखळायचे. ऐकताना पहिल्याच वाक्यात कळलं, डोया म्हणजे डोळा, काया म्हणजे काळा. वाचणारा माणूस त्याच भागातला असावा, त्याच्या तोंडी ते इतकं सहज होतं. बाबा पलंगावर उठून बसले. लहानपणी रेडिओवर ऐकलेल्या नभोनाट्यांबद्दल रात्री साडेअकरापर्यंत बोलत होते.

मराठीत कानाचं महत्त्व मला यातून नव्याने समजलं. आपण च, ज, झ दोन-दोन तऱ्हांनी उच्चारतो आणि लिहितो एकच. फोनमधल्या यांत्रिक आवाजाकडून एक ई-पुस्तक वाचून घेऊन पाहिलं, तर 'चूल'मधला च त्याने 'चहा'मधल्या चसारखा म्हटला. पाच मिनिटांत बंद केलं. माणसाने केलेल्या अभिवाचनाला पर्याय नाही, त्यामुळे पुस्तक निवडताना मी आता लेखकाइतकंच वाचणाऱ्याचं नाव बघते. आधी दहा मिनिटं ऐकते. काहीजण प्रत्येक वाक्याला गहिवर आणतात, ते अकरा तास सोसवत नाही.

लोकलमध्ये मला सगळ्यात उपयोगी पडलं तेही हेच. ठाण्यापर्यंत हात वर करायलाही जागा नसते, पुस्तक काय उघडणार! पण सगळीच पुस्तकं कानाने पचत नाहीत. तीन पिढ्यांची एक कादंबरी लावली आणि मुलुंड येईपर्यंत कोणती काकू कुणाची हे विसरले. मागे जायचं तर तीस-तीस सेकंद. छापील प्रतीत बोट घालून वंशावळीचं पान पाहिलं असतं. इतिहासाच्या पुस्तकातले नकाशे, तळटीपा ऐकताना नाहीशाच होतात. आत्मचरित्रं, प्रवासवर्णनं, कथा मात्र कानाने उत्तम. रात्री ऐकताना स्लीप टायमर, म्हणजे ठरल्या वेळी आवाज बंद करणारी सोय, लावायला विसरू नका. एकदा राहिला, आणि बाबा झोपेत असताना चार प्रकरणं पुढे गेली. दुसऱ्या दिवशी कुठे होतो ते शोधण्यात सकाळ गेली.

वर्गणीबद्दल एक तक्रार आहे. अर्धं ऐकून झालेलं एक पुस्तक एका सकाळी यादीतून गेलं. विचारलं तर हक्कांची मुदत संपली म्हणाले. वर्गणीत पुस्तक आपलं नसतं हे ठाऊक होतं, पण बाबांना ते समजावून सांगताना फार वाईट वाटलं.

छापील पुस्तक कुठे उरलं? पहिलं म्हणजे ज्ञानेश्वरी. नऊ हजारांवर ओव्या, आणि ओवीचे चरण ओळींत बसलेले दिसले तरच तोंडाला लय सापडते. रीडरवर मोठ्या अक्षरात चरण कुठेही तुटतो. म्हणून आमच्याकडे मोठ्या टाइपातली जुनी प्रत लाकडी स्टँडवर असते. अर्ध्या ओव्या बाबांना पाठ आहेत, बाकीच्या मी वाचते. कवितासंग्रहांचंही तेच. दुसरं म्हणजे ज्यात पेन्सिलीने खुणा करायच्या आहेत किंवा जे शेजारच्या काकूंना द्यायचं आहे ते पुस्तक. ई-पुस्तक असं कुणाच्या हातात देता येत नाही. पावसाळ्यात कपाटातल्या पुस्तकांना बुरशी धरते, कसर लागते, दिवाळीआधी सगळी उन्हात काढावी लागतात, ते काम मी करते आणि करत राहीन.

ऑडिओबुकची वर्गणी आता संपत आली आहे. बाबांसाठी ती भरणार आहे. माझ्या प्रवासातलं ऐकणंही त्यातच भागतं. रीडरवर नवीन काही घेण्याआधी आता नमुन्याची पानं उतरवून त्यात 'दुसऱ्या', 'दर्‍या'सारखे शब्द कसे उमटलेत ते तपासते. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी घेत असाल तर तुम्हीही ते तपासा, आणि अक्षर सगळ्यात मोठं करून तपासा.