प्लास्टिकची टाकी काढून अ‍ॅल्युमिनियमची बसवताय? आधी हे वाचा

५२,००० रुपये गेले, एका पेट्रोलच्या टाकीपायी. आणि ते नेणारा टाकीवाला अजून तारकर्ली-देवबागच्या पट्ट्यात बोटवाल्यांना "प्लास्टिक धोक्याचं" म्हणून घाबरवत फिरतोय.

पावसाळ्यात माझी पर्यटकांची बोट किनाऱ्यावर ओढली होती. ९० लिटरची प्लास्टिकची टाकी धडधाकट. हा आला, फुगलेल्या कडेवरून हात फिरवत म्हणाला, "भाऊ, ही फुटणार. आता पेट्रोलात २० टक्के इथेनॉल." अहो, पेट्रोलने पॉलिथिलीन, म्हणजे टाकीचं प्लास्टिक, साधारण दोन टक्के फुगतंच! बाजूंनी जागा सोडायची, पट्टे आवळायचे नाहीत, एवढंच. आणि इथेनॉल पाणी ओढतं, ते तळाशी बसून अ‍ॅल्युमिनियमच खातं, हे मात्र त्याने गिळलं. अर्धं खरं बोलणाऱ्याला पकडणार कसं?

५०८३ ग्रेड, म्हणजे समुद्राला टिकणारं अ‍ॅल्युमिनियम, ३ मिमी पत्रा, असा शब्द दिला. टाकी ४८,५००, बसवणावळ ६,५००, जुन्या टाकीचे ३,००० वजा. ३०,००० यूपीआयने, २२,००० रोख. रोखीची पावती नाही. रोख देऊच नका.

बसवण्याआधी मी टाकीवर थाप मारली तर पत्रा डबडब हलला. ३ मिमीचा पत्रा थापेने हलतो? रात्री झोप लागत नाही ती या थापेमुळे. बरं, मी गप्प नव्हतो, विचारलं. म्हणाला, "पेट्रोल भरलं की ताठ होतो." रंग ताजा, हाताला लागणारा. ना ग्रेडचा शिक्का, ना जाडी, ना चाचणीचा दाब. पत्र्याचं सर्टिफिकेट "मागाहून व्हॉट्सअ‍ॅप करतो". सीझन तोंडावर, बुकिंग घेतलेली. अशा वेळी जाडी मोजायला व्हर्नियर लावून कोण बसतो? तुम्ही बसा.

दिवाळीनंतर बोटीच्या तळातून पेट्रोलचा वास येऊ लागला. टाकी काढली तर खाली कारपेटचा तुकडा, खाऱ्या पाण्याने चिंब. पितळी जोड थेट अ‍ॅल्युमिनियममध्ये, म्हणजे खाऱ्या ओलीत तो पत्रा खाणारच. तळाला टाचणीएवढी भोकं, आणि जाडी भरली दीड मिमी! पेट्रोलची वाफ हवेहून जड, तळातच साठते. तिथेच बॅटरी, आणि वर लोकांची पोरं डॉल्फिन बघत बसलेली. वास आला की आधी इंजिन बंद, माणसं बोटीतून उतरवा, मग बाकीचं.

पोलीस म्हणाले, दिवाणी मामला. दुसऱ्या कार्यालयात, "आम्ही बोट बघतो, टाकी नाही." मग तपासणीला येऊन काय बघता, लाइफ जॅकेटांचा रंग? तिसरीकडे तर कहर: "तुम्ही धंदा करता, ग्राहक कसले?" साफ चूक. स्वयंरोजगाराने पोट भरण्यापुरतीच घेतलेली वस्तू २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यावसायिक धरत नाहीत. हे वाचून दाखवलं तर साहेबांची जेवणाची सुट्टी झाली. लेखी नकार द्या म्हटलं, तोही नाही. तुम्ही प्रत्येक अर्जाची पोच घ्या, शिक्क्यासकट.

शेवटी ग्राहक आयोगात तक्रार टाकली. टाकी पुरावा म्हणून पडवीत आहे. परवा त्याचाच फोन: "भाऊ, भंगारात काढायची असेल तर मला द्या, किलोवर घेतो."