कडू लागलं की मास्क नापास: थ्रीएम एफटी-३० फिट टेस्ट किटचा परखड आढावा

फाउंड्रीच्या, म्हणजे धातू ओतकामाच्या कारखान्याच्या, फेटलिंग (ओतीव भाग घासून साफ करणं) किंवा नॉकआउट (साचा फोडून भाग काढणं) विभागात एन-९५ मास्क वाटले जातात, रजिस्टरवर सही घेतली जाते आणि विषय संपतो. तो मास्क त्या माणसाच्या चेहऱ्याला बसतो का, हे क्वचितच कुणी पाहतं. एन-९५ चं फिल्टर चाचणीतले किमान ९५ टक्के बारीक कण अडवतं, पण हवेला फिल्टरपेक्षा सोपी वाट मिळाली की ती तिथूनच आत शिरते. नाकाच्या बाजूला आगपेटीच्या काडीएवढी फट राहिली तरी सिलिकाची, म्हणजे वाळूची बारीक धूळ थेट फुप्फुसात जाते. या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, सिलिकोसिस, झाला की बरा होत नाही. तो सरकारला कळवणं कायद्याने बंधनकारक असलेल्या आजारांत आहे. म्हणून ‘मास्क दिला’ यावर न थांबता ‘मास्क बसला’ हे तपासणारं साधन प्रत्येक धुळीच्या कारखान्यात हवं. छोट्या-मध्यम कारखान्याला परवडणाऱ्या साधनांत थ्रीएम कंपनीची एफटी-३० किट ही आमची पहिली पसंती आहे. मात्र ती शिस्तीने वापरली तरच.

पेटीत डोक्यावर घालायचा हूड, त्याची कॉलर, हाताने फुगा दाबून बारीक फवारा मारायचे दोन नेब्युलायझर आणि द्रावणाच्या बाटल्या असतात. एक द्रावण जिभेची पारख करण्यासाठी, दुसरं प्रत्यक्ष मास्कच्या चाचणीसाठी. दोन्हींत बिट्रेक्स नावाचा जहाल कडू पदार्थ आणि मीठ असतं. तत्त्व सरळ आहे: हूडमध्ये कडू फवारा मारायचा, मास्क घातलेल्या माणसाला कडू लागलं तर मास्क गळतोय.

हीच कंपनी सॅकरिनची गोड किटही विकते, एफटी-१०. आम्ही कडूच घ्या म्हणतो. सॅकरिनचं चाचणी-द्रावण १०० मिलिला ८३ ग्रॅम इतकं दाट असतं, त्यामुळे नेब्युलायझर लवकर तुंबतो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. गोड चव माणूस गुपचूप गिळून ‘काही नाही साहेब’ म्हणू शकतो. कडू लागलं की तोंड वाकडं होतंच, ते लपत नाही.

सगळ्यात जास्त हयगय होते ती पहिल्या टप्प्यात, म्हणजे जिभेच्या पारखीत. मास्क न घालता हूड चढवायचा, समोरच्या भोकातून नेब्युलायझरने दहा दाब द्यायचे. कडू लागलं तर नोंद १०. नाही लागलं तर आणखी दहा, नोंद २०. तरीही नाही तर शेवटचे दहा, नोंद ३०. तीसलाही चव कळली नाही तर त्या माणसावर ही चाचणी चालत नाही, दुसरी पद्धत शोधावी लागते. हा टप्पा गाळला की ‘पास’ला काडीचा अर्थ उरत नाही, कारण मास्क चांगला होता की जीभच मंद होती हे कळायला मार्ग राहत नाही. आधीची १५ मिनिटं पाण्याशिवाय काहीही तोंडात घालायचं नाही. आपल्याकडे याचा अर्थ चहा, विडी, गुटखा, मळलेली तंबाखू, सगळंच बंद. तंबाखूची गोळी गालात ठेवून कुणी हूडखाली बसत नाही ना, हे तोंड उघडायला लावून बघा.

इथेच दोन बाटल्यांची अदलाबदल सगळा डाव उधळते. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा यंत्रणेच्या नियमानुसार पारखीच्या द्रावणात १०० मिलिला १३.५ मिलिग्रॅम बिट्रेक्स असतं, तर चाचणीच्या द्रावणात २०० मिलिला ३३७.५ मिलिग्रॅम, म्हणजे साडेबारा पट कडू. पारखीच्या वेळी चुकून तीव्र द्रावण भरलं तर प्रत्येकाची नोंद १० येते, पुढे चाचणीत फवारा कमी मारला जातो आणि गळका मास्क पास होतो. उलट झालं, चाचणीत सौम्य द्रावण गेलं, तर जवळजवळ सगळेच पास. दोन्ही चुकांचा निकाल कागदावर छान दिसतो, म्हणून त्या पकडल्या जात नाहीत. दोन नेब्युलायझरना दोन रंगांच्या चिकटपट्ट्या लावा आणि भरताना लेबल मोठ्याने वाचा.

आता खरी चाचणी. मास्क घालून पाच मिनिटं तसंच बसवायचं. चष्मा, गॉगल, हेल्मेट, कामावर जे जे घालतात ते सगळं अंगावर हवं, नाहीतर गॉगलची कड मास्क वर ढकलते हे कळणारच नाही. मग हूड घालून, तोंड किंचित उघडं, जीभ थोडी बाहेर. पारखीत जितके दाब लागले तितके सुरुवातीला द्यायचे आणि दर ३० सेकंदांनी त्याच्या निम्मे. दहावाल्याला पाच, वीसवाल्याला दहा, तीसवाल्याला पंधरा. या वेळात सात हालचाली, प्रत्येकी एक मिनिट: साधा श्वास, खोल श्वास, मान डावी-उजवीकडे, मान वर-खाली, बोलणं, कमरेत वाकणं आणि पुन्हा साधा श्वास. हूडमुळे वाकता आलं नाही तर जागच्या जागी धावायला लावा. बोलण्यासाठी इंग्रजी उतारा वाचायची सक्ती नाही. शंभरपासून उलटे आकडे किंवा पाठ असलेला अभंग चालतो. अभंग बरा, जबडा मोकळेपणी हलतो.

कडू लागलं की थांबायचं. तोंड धुवायचं, किमान १५ मिनिटं जाऊ द्यायची, जिभेची पारख पुन्हा घ्यायची आणि मास्क नीट बसवून परत चाचणी. दुसऱ्यांदाही नापास झाला तर पट्टे आवळत बसू नका, दुसरा आकार किंवा दुसरं मॉडेल द्या. एका माणसाला निदान २० मिनिटं धरा. तासाला दहा माणसं ‘करून देतो’ म्हणणारा ठेकेदार नक्की काहीतरी गाळतोय.

नेब्युलायझर हा या किटचा नाजूक भाग. त्याची दोन्ही झाकणं काढली नाहीत तर फवारा येतच नाही, आणि फुगा अर्धवट दाबला तर मात्रा कमी पडते. प्रत्येक वेळी फुगा पूर्ण चपटा व्हायला हवा आणि पूर्ण फुगू द्यायला हवा. द्रावणातलं मीठ वाळून नळीचं तोंड बुजतं, म्हणून सकाळी आणि दुपारी, किंवा दर चार तासांनी, पाण्याने धुऊन झटकून घ्यायचा. दिवसाअखेर द्रावण आत ठेवायचं नाही. मधूनमधून उजेडासमोर एक दाब देऊन बघा, धुक्यासारखा फवारा दिसला पाहिजे. खोलीत पंखा बंद ठेवा. हूड प्रत्येक माणसानंतर आतून ओल्या फडक्याने पुसा. चाचणी घेणाऱ्याने हातमोजे घालावेत. बिट्रेक्स बोटांना चिकटून राहतं आणि जेवताना त्रास देतं.

मास्क नापास होण्याची कारणं बहुतेक ठरलेली. दाढीचे खुंट मास्कच्या कडेखाली आले की सील बसत नाही, त्यामुळे चाचणीही घ्यायची नाही आणि तसं कामावरही पाठवायचं नाही. मास्कखाली रुमाल बांधायची सवय तितकीच घातक. नाकाची पट्टी एका हाताच्या चिमटीत दाबली की मध्ये टोक येतं आणि दोन्ही बाजूंना फट पडते, ती दोन हातांच्या बोटांनी मधून बाहेर दाबत न्यायची. कानात अडकवायचे मास्क मान वळवताच सैल पडतात. धुळीच्या कामाला डोक्यामागून दोन पट्टे असलेले, थ्रीएम ८२१० सारखे मास्कच घ्या. ६२०० सारख्या रबरी अर्ध्या मास्कची चाचणी करायची असेल तर त्यावर धुळीचं फिल्टर हवं. नुसतं वायूचं कार्ट्रिज हा फवारा अडवत नाही.

किटची मर्यादाही स्पष्ट आहे. ती आकडा देत नाही, फक्त पास किंवा नापास, आणि पास म्हणजे फिट फॅक्टर (बाहेरचे कण मास्कच्या आतल्यापेक्षा किती पट) किमान १०० असं धरलं जातं. त्यामुळे हवेतली धूळ ठरवून दिलेल्या सुरक्षित मर्यादेच्या दहा पटीपर्यंत असेल तिथल्या अर्ध्या मास्कसाठीच ती पुरते. त्याहून जास्त धुळीत पूर्ण चेहऱ्याचा मास्क लागतो आणि त्याला ५०० चा फिट फॅक्टर मोजून दाखवणारं पोर्टाकाउंटसारखं यंत्र हवं. ते कितीतरी महाग, म्हणून विकत घेण्यापेक्षा सेवा म्हणून बोलवावं.

मागवताना दोन्ही द्रावणांवरची मुदत विक्रेत्याकडून फोटोसह मागा आणि जादा नेब्युलायझर सोबतच घ्या. द्रावण सुटं मिळतं, पूर्ण किट परत घ्यावी लागत नाही. नोंदवहीत नाव, तारीख, चाचणीचा प्रकार, मास्कची कंपनी, मॉडेल, आकार आणि निकाल लिहा. चाचणी वर्षातून एकदा, आणि वजन बरंच बदललं, दात काढले किंवा कवळी बसली तर लगेच. स्टोअरने स्वस्त पडतो म्हणून दुसऱ्या कंपनीचा मास्क आणला तर जुना निकाल त्याला लागू होत नाही. खरेदी विभागाला हे लेखी कळवून ठेवा.