थंड गिअरबॉक्सवर टेस्ट ड्राईव्ह घेतली आणि फसलो, वापरलेली फॅमिली एसयूव्ही घेताय तर वाचा

खूप दिवस लिहू की नको चाललं होतं, पण ओळखीतले अजून दोघं तशीच गाडी बघतायत हे कळल्यावर राहवेना. आम्ही सेकंड हँड घेतलेली एसयूव्ही सात सीटची आहे, पेट्रोल, ऑल व्हील ड्राईव्ह (चारही चाकांना ताकद जाते ती) आणि सीव्हीटी गिअरबॉक्स, म्हणजे ऑटोमॅटिकचाच एक प्रकार. दोन मुलं, सामान, सासूबाईंना गुडघ्यांमुळे खाली वाकून बसता येत नाही, म्हणून उंच गाडीच हवी होती. विकणारा म्हणाला घरचीच गाडी आहे, एकहाती वापरलेली.

सगळे सांगतात ना की जुनी गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन थंड असलं पाहिजे, आधीच गरम करून ठेवली असेल तर काहीतरी लपवतायत. आम्ही तेवढंच डोक्यात घेऊन गेलो. त्याने स्वतःहून सकाळी लवकर बोलावलं, नवऱ्याने बॉनेटला हात लावला, गारेगार, पहिल्या सेल्फला चालू, धूर नाही आवाज नाही, आम्ही खुश. दहा मिनिटं सपाट रस्त्यावर फिरवली, लोण्यासारखी चालली. जरा लांब नेऊन बघू का विचारलं तर म्हणाला मला कामाला निघायचंय. इथेच आमचं चुकलं, कारण थंड इंजिनवर इंजिनचे दोष कळतात आणि हा गिअरबॉक्स दोष दाखवतो तो तापल्यावर, आणि हे त्याला पक्कं माहीत होतं.

नवव्या दिवशी सगळे मिळून निघालो, गाडी भरलेली. लांबलचक चढ लागला, साधारण पन्नास मिनिटं चालवून झाली असतील, आणि आरपीएमचा काटा एकदम चार हजारावर गेला पण गाडी पुढे जाईना, साठचा स्पीड पस्तीसवर आला, नवरा पाय दाबतोय, इंजिन ओरडतंय, खालून फरशीला थरथर अशी की कप होल्डरमधली बाटली खडखडायला लागली. मग समोर गिअरबॉक्स गरम झाल्याचा मेसेज आला. मागून ट्रक हॉर्न मारतोय आणि मुलं मागे झोपलेली. कशीबशी कडेला घेतली. वीस-पंचवीस मिनिटं थांबलो, परत चालू केली तर जणू काही झालंच नाही अशी चालायला लागली. मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटली.

मेकॅनिकने नंतर समजावलं ते असं. सीव्हीटीत नेहमीसारखे ठरलेले गिअर नसतात, दोन पुली आणि त्यांच्यामध्ये स्टीलचा पट्टा असतो, ऑइलच्या दाबाने पुली तो पट्टा घट्ट चिमटीत धरतात. ऑइल जुनं होऊन त्याचा दम गेला की तापल्यावर ती पकड सैल पडते, पट्टा घसरतो, पुलीवर ओरखडे पडतात, आणि पुढचं सगळं नुकसान त्या ओरखड्यांमुळे होतं. जास्त तापलं की कॉम्प्युटर स्वतःच ताकद कमी करतो. खालचा पॅन उघडला तेव्हा ऑइल काळं आणि जळका वास. आतल्या मॅग्नेटवर थोडा राखाडी लगदा असतोच म्हणे, ते नॉर्मल, पण आमचा त्याने बोटावर चोळून दाखवला तर त्यात चमकणारे कण होते. "ताई, हे आजकालचं नाही, बरेच महिने असंच चालवलंय," एवढंच बोलला तो. आणि विकणारा आम्हाला काय म्हणाला होता, की याचं ऑइल सीलबंद असतं, आयुष्यभर बदलावं लागत नाही!! कृपया हे कोणाचंही ऐकू नका, मॅन्युअलमध्ये जड वापराचं वेगळं कोष्टक असतं ते बघा, भरलेली गाडी, चढ, ट्रॅफिक, हे सगळं जड वापरातच येतं. आणि ऑइल कंपनीने सांगितलेलंच घालायचं, साधं ऑटोमॅटिकचं ऑइल सीव्हीटीत चालत नाही.

आता पुरावा. गाडी घेतली त्या दिवशी मी मीटरचा फोटो काढून ठेवला होता, सवय म्हणून. मेकॅनिककडे पोचेपर्यंत आमचं रनिंग ४१२ किमी झालं होतं. त्याने स्कॅनर लावला, त्यात एरर कोड (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाड) पुसल्यापासून गाडी किती चालली याचा आकडा येतो, तो होता ४३१. म्हणजे आम्ही ताब्यात घेण्याआधी फक्त १९ किमीवर कोणीतरी कोड पुसले होते. बॅटरी काढली तरी काही गाड्यांत हा आकडा शून्यावर जातो, म्हणून नुसत्या आकड्यावरून आरोप करू नये हे मान्य, पण आमच्या बॅटरीवरची तारीख जुनीच होती आणि टर्मिनलचा पांढरा थर पण हललेला नव्हता. हा आकडा स्वस्तातल्या ओबीडी स्कॅनरवरही (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून माहिती वाचायचं यंत्र) बहुतेक गाड्यांत दिसतो. त्याच स्क्रीनवर गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्यात की अपूर्ण तेही दिसतं, बऱ्याच अपूर्ण असतील तर कोड नुकतेच पुसलेत असं समजा आणि विचारा का पुसले.

टायरचं पण सांगते. पुढचे दोन नवे कोरे, मागचे दोन झिजलेले, आणि तो नव्या टायरचं कौतुक सांगत होता, आम्हालाही बरं वाटलं. ऑल व्हील ड्राईव्हला चारही टायर सारखे लागतात. नव्या आणि झिजलेल्या टायरचा घेर वेगळा, त्यामुळे पुढची-मागची चाकं वेगळ्या वेगाने फिरतात आणि मागच्या डिफरन्शियलजवळचं कपलिंग (मागच्या चाकांना ताकद जोडणारा भाग) विनाकारण घासत, तापत राहतं. पार्किंगमध्ये स्टेअरिंग पूर्ण कापून हळू वळवली की मागून धक्के बसायचे, आम्हाला वाटायचं ब्रेकचं काहीतरी असेल.

गाडीच वाईट असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. नवऱ्याच्या मित्राकडे हेच मॉडेल आहे, दीड लाखाच्या पुढे चाललीय, दोनदा वेळेत ऑइल बदललं, काही त्रास नाही. दुसऱ्या एकांनी कधीच बदललं नाही, त्यांचा गिअरबॉक्स गेला. मोठ्या कंपन्यांचेही सीव्हीटी अडचणीत आलेत, निसानने अमेरिकेत २००३ ते २०१० च्या मॉडेलवर सीव्हीटीची वॉरंटी वाढवून १० वर्षं किंवा १,२०,००० मैल केली होती (आमची गाडी त्यातली नाही). म्हणून चॅसिस नंबर घेऊन कंपनीलाच विचारा की या गाडीला रिकॉल किंवा वाढीव वॉरंटी आहे का, आणि सर्विस रेकॉर्डमध्ये गिअरबॉक्सच्या ऑइलची एंट्री शोधा, आमच्यात इंजिन ऑइलच्या एंट्र्यांची पानंच्या पानं होती आणि गिअरबॉक्सची एकही नव्हती, आम्ही शिक्के बघून वही बंद केली.

टेस्ट ड्राईव्ह पाऊण तास तरी घ्या, चार माणसं बसवून, चढावर, आणि तापल्यावर एकदा पूर्ण थांबवून परत हळू उचला, थरथर असेल तर तिथे कळते. नाही म्हणाला तर उठून या.

गिअरबॉक्सचा खर्च गाडीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास गेला. कागदावर "आहे त्या स्थितीत" असं लिहिलेलं आणि त्याखाली आमची सही, त्यामुळे वकिलाने विचारलं की त्याने खोटं बोलल्याचं लेखी काही आहे का. मी सगळे मेसेज काढून बघितले. टायर, इन्शुरन्स, चावी, सगळ्याची उत्तरं त्याने टाइप करून दिलीत. गिअरबॉक्सला कधी काही झालंय का, हे पण मी मेसेजवरच विचारलं होतं, तो मेसेज त्याने वाचलेला दिसतोय, आणि त्या एकाच प्रश्नाचं उत्तर त्याने फोन करून दिलं होतं.