स्प्रिंग बूट ३: काही महिने वापरल्यानंतर, आणि त्या ‘अप’बद्दल थोडं जास्तच

स्प्रिंग बूट म्हणजे जावामध्ये सर्व्हर-ॲप लिहायचं फ्रेमवर्क. बीन (स्प्रिंग स्वतः तयार करून सांभाळतं ते ऑब्जेक्ट) आणि ऑटोवायर (एका बीनला दुसरं आपोआप जोडून देणं) यांचे धडे देत बसत नाही. लिहायला बसलो कारण गेल्या आठवड्यात भर दुपारी नवीन बिल्ड चढवला आणि सुरुवातीची काही मिनिटं ग्राहकांना प्रत्येक वस्तूचा दर शून्य दिसला.

आमच्याकडे एक दर-मॅनेजर आहे. ॲप सुरू होताना तो डेटाबेसमधून सगळे दर कॅशमध्ये भरतो, बाकीच्या सर्व्हिसेस त्याच्याकडे मागतात. आधी हे काम पोस्टकन्स्ट्रक्टमध्ये, म्हणजे बीन तयार झाल्या झाल्या चालणाऱ्या मेथडमध्ये होतं. तिथे ट्रान्झॅक्शनल (हे काम डेटाबेस-ट्रान्झॅक्शनमध्ये करा, असं सांगणारी खूण) लिहून काही होत नाही, कारण ती खूण अमलात आणणारं प्रॉक्सीचं वेष्टन बीनवर चढतं ते त्यानंतर. लेझी कलेक्शनला (मागितल्यावरच डेटाबेसमधून येणाऱ्या यादीला) हात लावला की हायबरनेट ही डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी ‘सेशन नाही’ म्हणून एक्सेप्शन फेकते. म्हणून काम ॲप्लिकेशन-रनरमध्ये, म्हणजे सगळी बीन्स उभी राहिल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये हलवलं. दर भरायला लागले. पण रनर चालतो तोवर टॉमकॅट या आतल्या वेब-सर्व्हरने पोर्ट उघडलेला असतो! दुकानाचं शटर वर आणि माल अजून टेम्पोत. ग्राहकांच्या रिक्वेस्ट वाटून देणारा लोड बॅलन्सर ॲक्च्युएटरच्या (ॲपची तब्येत सांगणाऱ्या स्प्रिंगच्या भागाच्या) हेल्थला विचारतो, तिथून ठणठणीत ‘अप’ येतं: डेटाबेस ठीक, डिस्क ठीक. कॅशचं विचारतंय कोण?

चिडून दोन तारे द्यायचे ठरवले होते. मग डॉक्युमेंटेशनमध्ये रेडिनेस सापडलं, म्हणजे ‘रिक्वेस्ट घ्यायला ॲप तयार आहे का’ याची वेगळी तपासणी. आवृत्ती २.३ पासूनच आहे म्हणे. सगळे रनर संपल्याशिवाय रेडिनेस ‘अप’ होत नाही, म्हणजे नेमकं हवं तेच. मात्र आमच्या ३ मध्ये ते आपोआप मिळतं फक्त कुबरनेटीसवर (कंटेनर चालवणारी, सांभाळणारी यंत्रणा). साध्या व्हीएमवर, म्हणजे भाड्याच्या व्हर्च्युअल मशीनवर, ‘हेल्थ-प्रोब्स-एनेबल्ड’ची प्रॉपर्टी हाताने ट्रू करा, लोड बॅलन्सरला नवा पत्ता द्या. कुबरनेटीसचं बिल परवडत नाही म्हणून व्हीएमवर राहणाऱ्यांनी काय घोडं मारलंय?

बाकी तक्रार एकच, ती शेवटी. उलट २.६ पासून बीनची गोल अवलंबनं (हिला ती लागते, तिला ही) बंद केली, त्याला आधी मी नाकं मुरडली होती. परवा दोन मॅनेजर एकमेकांना फील्डमध्ये ऑटोवायर करून मागत होते तेव्हा ॲप चढलंच नाही, आणि कन्सोलवर कोण कोणाला अडवतंय त्याची बाणांची चौकट छापून आली. दोघांना लागणारं काम नव्या, तिसऱ्या सर्व्हिसमध्ये नेलं, विषय संपला. सूट देणारी प्रॉपर्टी आहे, पण ती लावू नका.

लेझी इनिशियलायझेशनचा (बीन लागेल तेव्हाच तयार करायचं) मोह मलाही झाला, कारण आमचा व्हीएम स्वस्तातला आणि ॲप चढायला वेळ खातो. पण मग चुकलेलं कॉन्फिगरेशन सुरू होताना नाही, पहिल्या ग्राहकाच्या रिक्वेस्टला समजतं. लॅपटॉपवर चालू, प्रॉडक्शनवर बंद.

साडेतीन तारे. अर्धा त्या प्रोब्सच्या प्रॉपर्टीचा कापलाय आणि परत देणार नाही. उरलेला एक डिपेंड्स-ऑनचा: कुठलं बीन आधी तयार व्हावं याचा क्रम लावायचा तर बीनचं नाव स्ट्रिंगमध्ये लिहायचं, क्लासचं नाव बदललं की कंपायलर गप्प, आणि बोंब थेट ॲप चढवताना.